दिवा कपाळावर हवा

मृगाचा पहिला जोरदार पाऊस गोमंतकात कधी एकटा येत नाही. त्याच्याबरोबर माडाची एखादी झावळी खाली येते, झावळीबरोबर विजेची तार येते आणि तारेबरोबर सबंध वाड्याचा उजेड नाहीसा होतो. मग घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : "बॅटरी खंय आसा?" पुस्तकी मराठीत जिला विजेरी म्हणतात तिला आपल्याकडे लहानथोर सारे बॅटरीच म्हणतात, आम्हीही येथे तोच शब्द वापरणार आहोत. शोधाशोध करून ती सापडते, बटण दाबले जाते, भिंतीवर उजेडाचा गोल उमटतो आणि घरातील माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु खरी अडचण यानंतरच सुरू होते. ज्या कामासाठी उजेड हवा होता त्या कामास दोन हात लागतात, आणि त्यांपैकी एक हात बॅटरीने अगोदरच अडवून ठेवलेला असतो.

आजच्या अग्रलेखाचा विषय हा अडलेला हात आहे. अर्थसंकल्प, निवडणुका, पक्षांतरे असे भारदस्त विषय ज्या जागी नित्य येतात तेथे बॅटरीसारख्या किरकोळ वस्तूची चर्चा कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. शिवण करणाऱ्या बाईच्या बोटातील अंगुस्ताना हीही काही भारदस्त वस्तू नव्हे. पण तो नसला म्हणजे बोट काय सोसते ते शिवणारालाच ठाऊक. माणसाच्या कष्टांपैकी पुष्कळसे कष्ट अशा किरकोळ वस्तूंच्या अभावी वाढतात आणि किरकोळ वस्तूंनीच कमी होतात. खिशात मावेल एवढी बॅटरी हातात धरण्याऐवजी कपाळाशी बांधली, तर काळोखात काम करणाऱ्या माणसाला त्याचे दोन्ही हात परत मिळतात. ही साधी युक्ती प्रत्येक घराने शिकावी, आणि ज्यांना चाकरीपायी रात्रीच्या काळोखात राबावे लागते त्यांना तसा दिवा राबवून घेणाराने द्यावा, हे सांगण्यासाठी आजचे हे लेखन आहे.

एका हाताने टाळी वाजत नाही, असे आपण भांडणाच्या संदर्भात म्हणत असतो. पण एका हाताने गाठही मारता येत नाही, जखमेवर पट्टी बांधता येत नाही, पंपाचा पाना फिरवताना दुसऱ्या बाजूने नट धरता येत नाही, आणि ओल्या शिडीवरून चढताना आधारही नीट धरता येत नाही. मग या अडचणीतून आपण वाट कशी काढतो? पहिली वाट म्हणजे दुसऱ्या माणसाला उभे करणे. घरात बिघडलेल्या यंत्रापुढे बाप मांडी घालून बसला आहे, शेजारी आठ-दहा वर्षांचे पोर बॅटरी धरून उभे आहे, पोराचे लक्ष खिडकीबाहेरच्या बेडकाकडे गेले की उजेड सरकतो आणि बाप ओरडतो, "नीट धर!" हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा वाचक विरळा. बोलणी खाण्यात त्या पोराचा अपराध काहीच नसतो. उजेड कोठे हवा हे काम करणाराच्या डोळ्यांना ठाऊक असते. दुसऱ्याच्या हाताला ते क्षणाक्षणाला कसे कळावे? शिवाय उजेड धरून उभा राहणारा माणूस त्या वेळेपुरता दुसऱ्या कशाच्याही उपयोगाचा उरत नाही. घरात हा माणूस बहुधा मूल किंवा गृहिणी असते, आणि तिच्या या उभे राहण्याला श्रम म्हणण्याची आपल्याला सवय नाही.

दुसरी वाट म्हणजे बॅटरी दातांत धरणे, किंवा खांदा नि हनुवटी यांच्यामध्ये दाबणे. अलीकडे बॅटरीची जागा मोबाइल फोनने घेतली आहे, आणि विहिरीत डोकावून पंप पाहणाऱ्या कित्येकांनी आपले फोन त्या विहिरीला अर्पण केले आहेत. दातांत बॅटरी धरणारा बोलू शकत नाही, खाली उभ्या असलेल्या सोबत्याला सावध करू शकत नाही, तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. मान एकाच कोनात आखडून जाते. त्यात एक धोकाही आहे. आजच्या पुष्कळशा लहान बॅटऱ्यांत लिथियमचे सेल असतात. असा सेल बिघडला किंवा चुकीच्या जोडीने घातला गेला, तर तो तापून फुटण्याचा आणि विषारी वायू बाहेर टाकण्याचा संभव असतो. तोंड ही अशी वस्तू ठेवण्याची जागा नव्हे.

डोक्यावर दिवा घेण्याची कल्पना आपल्याला अपरिचित आहे असे मात्र नाही. लग्नाच्या वराती, रात्रीच्या मिरवणुका यांत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणारी माणसे जुन्या पिढीने पाहिली आहेत. आठवून पाहावे : वाजंत्री पुढे, नवरदेव घोड्यावर, आणि दोन्ही बाजूंनी फोंफावणाऱ्या बत्त्या डोक्यावर तोलून धरणारे मजूर. त्यांच्या डोक्यावर उजेड होता, परंतु तो त्यांचा नव्हता. तो वरातीसाठी होता. दिव्याखाली अंधार ही म्हण त्यांच्या बाबतीत अक्षरशः खरी होती, कारण बत्तीच्या बुडाची सावली त्यांच्याच पायांपुढे पडत असे. आणि बत्ती सावरण्यात त्यांचे हात गुंतलेले असत. पूर्वीचे मशालजी घ्या, आपल्या गावांतून पेटलेली चूड घेऊन पाहुण्यांना वाट दाखवणारे गडी घ्या. उजेड वाहणारा एक आणि उजेडाचा उपयोग करणारा दुसरा, हीच आपल्याकडील फार जुनी वाटणी आहे. कपाळाशी बांधलेली लहानशी बॅटरी ही वाटणी मोडते. जो काम करतो त्याच्याच डोक्यावर दिवा, आणि तो पाहील तेथेच उजेड.

जगात ही वाटणी सर्वांत आधी मोडली ती खाणींच्या पोटात. इंग्लंडमधील खाणकामगार एके काळी मेणबत्ती टोपीला चिखलाने चिकटवून कोळसा फोडीत. हात मोकळे राहत, परंतु उघड्या ज्योतीने खाणीतील वायू पेटून स्फोट होत. १८१५ साली हम्फ्री डेव्ही याने बारीक तारेच्या जाळीने वेढलेला सुरक्षादीप तयार केला, तेव्हा स्फोटाचे भय उणावले. पण तो दिवा हातात धरावा किंवा कोठे तरी टांगावा लागे, आणि त्याचा उजेडही मंद असे. विसाव्या शतकाच्या आरंभी टोपीवर बसणारा कार्बाइडचा दिवा आला. कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडून ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि तो जळतो, हे त्याचे तत्त्व. हाही उघड्या ज्योतीचाच दिवा असल्याने वायूच्या खाणींत त्याचा उपयोग नव्हता. त्याच शतकाच्या दुसऱ्या दशकात थॉमस एडिसन याने कमरेला बॅटरी नि टोपीला दिवा अशी विजेची जोडणी खाणकामगारांसाठी सिद्ध केली. ज्योत नाही, हात मोकळे आणि उजेड नजरेबरोबर फिरणारा, अशी तिन्ही सोयी देणारी ती वस्तू होती. तिच्यामागे शंभर वर्षांचे प्रयत्न आणि असंख्य कामगारांचे प्राण होते, हे विसरता येत नाही.

दुसरीकडे वैद्यकात काय घडले? कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या कपाळावर मध्यभागी भोक असलेला तो गोल आरसा आमच्या वयाच्या प्रत्येक वाचकाने पाहिला असेल. रोग्याच्या मागील दिव्याचा प्रकाश त्या आरशावरून घशात पडे आणि डॉक्टर त्या भोकातून पाही. पुढे त्याची जागा विजेच्या शिरोदीपाने घेतली. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरने एका हातात दिवा धरावा आणि दुसऱ्या हाताने टाके घालावे, असे कोणी सुचवले तर आपण त्याला वेड्यात काढू. याचे कारण त्या हातांचे मोल आपण जाणतो. मग खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातांविषयी, मानशीच्या फळ्या उचलणाऱ्याच्या हातांविषयी आपली समजूत एवढी निराळी का असावी? चूक झाली तर त्यांच्याही हातांनी प्राणच जातो. फरक एवढाच की, तो बहुधा त्यांचा स्वतःचा असतो.

तीस-चाळीस वर्षांपूर्वी यावर एक खरे उत्तर होते. त्या वेळची तीन सेलांची पत्र्याची बॅटरी हातभर लांब असे. तिच्यातील प्रत्येक मोठा सेल शंभर ग्रॅमांच्या आसपास भरे आणि आतला बल्ब उजेडापेक्षा उष्णताच अधिक निर्माण करी. असले लोढणे कपाळाला बांधणे शक्य नव्हते. ही स्थिती बदलली ती जपानमधील संशोधनाने. तांबडे आणि हिरवे प्रकाश देणारे डायोड पूर्वीपासून होते. निळा प्रकाश देणारा चांगला डायोड मात्र काही केल्या साधत नव्हता, आणि निळ्यावाचून पांढरा उजेड मिळत नाही. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांनी ते कोडे सोडवले. नाकामुरा यांचा प्रखर निळा डायोड १९९३ साली जगापुढे आला, आणि या तिघांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज करंगळीएवढ्या बॅटरीत पंचवीस ग्रॅमांहूनही हलका एक सेल बसतो आणि जुन्या तीन सेलांच्या बॅटरीने लाजावे असा उजेड देतो. जुने उत्तर त्यामुळे कालबाह्य झाले. जुनी सवय मात्र तशीच राहिली आहे. दिवा खिशात मावू लागला, तरी तो धरण्याची पद्धत हातभर लांबीच्या बॅटरीचीच आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. कपाळावर बांधण्याचे तयार दिवे आज म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही मिळतील, आणि ज्यांना नित्य गरज आहे त्यांनी ते घ्यावेतच. परंतु जवळपास प्रत्येक घरात लहान बॅटरी असतेच; तिचा शिरोदीप करावयास फारसे काही लागत नाही. शिंप्याच्या दुकानातून दीड-दोन इंच रुंदीचे इलॅस्टिक आणावे. डोक्याच्या घेरापेक्षा ते चार-पाच बोटे आखूड कापून त्याची टोके शिवावीत, म्हणजे पट्टा डोक्यावर घट्ट पण सुखाने बसतो. त्याच इलॅस्टिकचे दोन लहान तुकडे एकमेकांपासून दोन बोटांच्या अंतरावर पट्ट्यावर शिवून बॅटरी आडवी सरकेल अशी दोन घरे करावीत. बॅटरी कपाळाच्या मध्यभागी शिंगासारखी उभी करू नये. ती पुढे ओढली जाते आणि पट्टा डोळ्यांवर येतो. ती कानाच्या वर, कानशिलाशी आडवी ठेवावी, तिचे तोंड भुवईच्या रेषेच्या किंचित पुढे आणि जरासे आतल्या बाजूस वळलेले असावे. उजव्या हाताने काम करणाराने ती डाव्या कानशिलाशी बांधावी. लिहिताना उजेड डावीकडून घ्यावा असे शाळेत आपल्याला शिकवत. त्याचे कारण येथेही तेच आहे, म्हणजे आपल्याच हाताची सावली कामावर पडत नाही.

शिवणकाम नको असेल तर जुन्या सायकलच्या ट्यूबच्या दोन चकत्या कापाव्यात. टोपीच्या किंवा शिरस्त्राणाच्या पट्ट्याला त्या चकत्यांनी बॅटरी घट्ट बसते. शिरस्त्राणाला मात्र भोक कधीही पाडू नये. ज्या कवचावर डोक्याचे रक्षण अवलंबून आहे ते त्याने दुबळे होते. बॅटरीला खिशात अडकवण्याची पकड असेल तर ती टोपीच्या पुढील छज्जालाच लावता येते. आपले शेतकरी आणि मासेमार डोक्याला पंचा गुंडाळून त्याच्या पदरात बॅटरी खोचतात, तीही उत्तम रीत आहे. कोणतीही रीत घ्या, बॅटरीच्या शेपटाशी एक दोरी बांधून तिचे दुसरे टोक सदऱ्याच्या बटणघरात अडकवावे. विहिरीच्या काठावर, होडीत किंवा शिडीवर ही दोरी बॅटरीची आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्याची, अशी दोघांचीही राखण करते.

काही पथ्येही सांगितली पाहिजेत. बॅटरीचा उजेड कमीजास्त करता येत असेल तर तो कमीवरच ठेवावा. हाताच्या अंतरावरील कामाला मंद उजेड पुरतो. प्रखर उजेड ओल्या पत्र्यावरून नि पांढऱ्या कागदावरून उलटून डोळ्यांतच शिरतो, आणि प्रखर चालवलेली लहान बॅटरी तापून कानशील भाजू लागते. डोळ्यांना काळोखाची पुरी सवय व्हावयास वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती क्षणात मोडतो. ज्याला मधूनमधून दिवा मालवून काळोखात पाहावयाचे आहे त्याने मंद तांबडा उजेड वापरावा. मोरजी, आगोंद, गालजीबाग येथील किनाऱ्यांवर कासविणी अंडी घालावयास येतात. तेथे तर पांढरा झोत टाळणे हे कर्तव्यच होय, कारण नुकतीच बाहेर पडलेली पिल्ले उजेडाच्या मोहाने समुद्र सोडून भलतीकडे जातात. दाट धुके वा मुसळधार पाऊस असेल तेव्हा डोळ्यांशेजारचा दिवा थेंबांचाच पडदा उजळतो. अशा वेळी बॅटरी हातात घेऊन कमरेपाशी धरावी. वाट चालतानाही खालून येणाऱ्या उजेडात खाचखळग्यांच्या सावल्या स्पष्ट दिसतात. सांगण्याचा हेतू असा की, हातातील बॅटरीला आम्ही हद्दपार करू पाहत नाही. चालण्यासाठी ती हातात शोभते. कामासाठी तिने कपाळावर जावे.

आणखी एक पथ्य सभ्यतेचे आहे. कपाळावरील दिवा आपण पाहू तेथे पाहतो. आपण कोणाच्या तोंडाकडे पाहून बोलू लागलो की त्या बिचाऱ्याचे डोळे दिपतात, आणि अरुंद रस्त्यावर समोरून येणारा वाहनवाला तर क्षणभर आंधळाच होतो. यावर उपाय सोपा आहे. नमस्कार करताना मान जेवढी लवते तेवढी लववावी. उजेड आपोआप जमिनीवर जातो.

हा दिवा कोणाच्या उपयोगाचा आहे ते आता पाहू. आपल्या खाजन शेतीत मानशीच्या दारांवरून भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडतात. ओहोटी घड्याळ पाहून येत नाही. ती मध्यरात्री आली तर मानशीवर मध्यरात्रीच उभे राहावे लागते, बांध ओला असतो, जाळे ओढावयास दोन्ही हात लागतात आणि पायांखालच्या दगडांत काय दडले आहे ते दिसत नाही. होडीत जाळे उलगडणाऱ्याची, गळ नि गुंता सोडवणाऱ्याची गोष्ट निराळी नाही. दोडामार्ग, सत्तरी, सांगे या भागांत रबराच्या बागा झाल्या आहेत. रबराचा चीक पहाटेच्या गारव्यात अधिक वाहतो, म्हणून झाडाला कापा उजाडण्यापूर्वी घालावा लागतो. एका हातात सुरी आणि दुसरा हात झाडावर, अशा या कामाला केरळातील कामगारांनी डोक्यावरचा दिवा कधीच स्वीकारला आहे. काळोखात सालीचा किती खोल छेद घ्यावा हे त्या दिव्यावाचून ठरवता येत नाही. छेद अधिक खोल गेला तर झाडच जायबंदी होते. या मंडळींना कोणी उपदेश केला नव्हता. कामाने त्यांना शिकवले.

मासेमारीचे नाव निघाले की आमच्या किनाऱ्यावरील वाचकांच्या मनात 'एलईडी' या शब्दाने राग उभा राहील, आणि तो रास्त आहे. समुद्रात प्रखर दिव्यांची रोषणाई करून माशांचे थवेच्या थवे ओढून घेण्याच्या पद्धतीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. रापणकार आणि लहान होड्यांचे मासेमार यांच्या तोंडचा घास त्या रोषणाईने हिरावला जात होता. तोच डायोड, तोच उजेड. एके ठिकाणी तो माशाला भुलवून समुद्र ओरबाडतो आणि दुसऱ्या ठिकाणी एका माणसाच्या दोन बोटांना जाळ्याची गाठ दाखवतो. यंत्राला पाप-पुण्य नसते, ते वापरणाराकडे असते, याचे याहून सुबोध उदाहरण आम्हांला सुचत नाही.

परंतु ज्यांच्यासाठी आम्ही आज मुख्यतः लेखणी उचलली ते वीज दुरुस्त करणारे कामगार होत. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. झाडे उन्मळली, विजेचे खांब शेकड्यांनी कोसळले आणि कित्येक गावे दिवसच्या दिवस अंधारात राहिली. कोविडची दुसरी लाट तेव्हा ऐन भरात होती. त्या काळात भिजलेल्या शिड्यांवरून चढून, तुटलेल्या फांद्या नि तारांचा गुंता सोडवीत ज्यांनी उजेड परत आणला, त्यांचे आभार आपण किती जणांनी मानले? आपण आपल्या घरातून फोन करीत होतो आणि तिकडून उशीर झाला म्हणून चिडत होतो. दर पावसाळ्यात हेच घडते. आपल्याला उजेड देण्यासाठी जो माणूस काळोखात वर चढतो, त्याच्या स्वतःच्या हाताशी पुरेसा उजेड आहे की नाही, हा विचार आपल्या मनाला शिवतही नाही. गॅसबत्ती डोक्यावर घेऊन वरातीला वाट दाखवणाऱ्या त्या मजुराचाच हा नवा अवतार नव्हे काय?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत तारांवर काम करणाऱ्यास हातमोजे, रबरी बूट, कमरपट्टा, शिडी, शिरस्त्राण अशी साधने पुरवावीत असे सांगून पुढे 'तत्सम' असा शब्द घातला होता. आमचे म्हणणे असे की, रात्री काम करणाऱ्याच्या बाबतीत दिवा या 'तत्सम'च्या अडगळीत राहता कामा नये. त्याचे नाव यादीत घ्यावे आणि ते शिरस्त्राणाच्या शेजारीच असावे. जेथे असे दिवे दिले जातात तेथील अधिकाऱ्यांचे आम्ही अभिनंदन करतो. जेथे दिले जात नाहीत तेथे ते येत्या पावसाळ्यापूर्वी द्यावेत, आणि ते कायम कामगाराबरोबरच ठेकेदाराच्या रोजंदारी माणसालाही मिळावेत. कारण खांबावरचा काळोख दोघांना सारखाच असतो. दिवा पाण्याला दाद न देणारा, धातूच्या वेष्टणाऐवजी प्लास्टिकच्या वेष्टणाचा आणि शिरस्त्राणावर पक्का बसणारा असावा. सेल संपले की ते मागण्यासाठी अर्ज करावा लागू नये. ग्रामपंचायतींनी मानशी राखणाऱ्यांसाठी, आरोग्य केंद्रांनी परिचारिकांसाठी आणि रुग्णवाहिकेबरोबर जाणाऱ्यांसाठी हीच व्यवस्था करावी.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला खर्चाचा. चांगला दिवा काही शे रुपयांना येतो. एखाद्या उद्घाटनाच्या समारंभातील पुष्पगुच्छांच्या खर्चात पुष्कळ माणसांच्या डोक्यावर उजेड बसेल. तेव्हा हा आक्षेप येथेच सोडून देऊ. दुसरा आक्षेप अधिक लबाड आहे. तो असा की, आमची माणसे मोठी कल्पक आहेत, ती इलॅस्टिक आणि ट्यूब लावून आपले भागवतात. मग वेगळे काही देण्याची गरज काय? आम्ही स्वतः वर इलॅस्टिकची कृती सांगितली आहे, म्हणून याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. घरातल्या घरात, स्वतःच्या विहिरीवर, स्वतःच्या गोठ्यात कल्पकता शोभते आणि तिचा आनंदही असतो. पण पगार देऊन ज्याला आपण रात्री खांबावर चढवतो, त्याच्या कल्पकतेवर विसंबून राहणे म्हणजे आपली जबाबदारी त्याच्या गळ्यात बांधणे होय. गरिबाच्या युक्तीचे कौतुक करीत त्याच्या हक्काची वस्तू वाचवायची, ही आपल्याकडील जुनी काटकसर आहे. सायकलच्या ट्यूबची चकती संकटकाळी उपयोगी पडावी. ती सरकारी साधन ठरू नये.

वाचकांनी स्वतःपुरते काय करावे, तेही सांगून हा लेख आवरता घेऊ. येत्या रविवारी घरातील बॅटरी शोधून काढावी, तिचे सेल पाहावेत, पाझरलेले असतील तर फेकून द्यावेत. घरातील शिवणकाम जाणणाऱ्या माणसाकडून, मग तो पुरुष असला तरी चालेल, एक पट्टा करून घ्यावा आणि तो बॅटरीसह एकाच ठरावीक खुंटीवर टांगून ठेवावा. वीज गेल्यावर शोधाशोध नको. ज्यांच्या घरी रात्री-अपरात्री दुरुस्तीला माणूस येतो त्यांनी त्याच्यामागे हातात फोन धरून उभे राहण्यापेक्षा तो पट्टा त्याच्या हाती द्यावा. आणि काम झाल्यावर एक पेला पाणी. एवढे करावयास कायदा लागत नाही, ठराव लागत नाही.

हात मोकळे असलेला माणूस आपले काम लवकर, नीट आणि जिवाला न मुकता करून घरी जातो. पावसाळा दरवर्षी येणार आहे आणि तारा दरवर्षी तुटणार आहेत. त्या जोडावयास जो वर चढेल त्याचा दिवा त्याच्या दातांत नसावा, त्याच्या कपाळावर असावा, एवढीच आमची मागणी आहे. ती पुरी करण्यात कोणत्याही पक्षाला, कोणत्याही खात्याला अडचण पडू नये.